दाजींच्या नावावरचं रक्त

तुम्ही माझ्या बहिणीला मारलंत.

गळा दाबून नाही. तेवढं जवळ यायची तुमची रीत नाही. थंड खोलीत बसून मारलंत, तिचं रक्त ताब्यात असताना आणि तिचा आकडा डोळ्यांसमोर असताना. वर तिच्या मातीला हार पाठवलात. हारावर दूध संघाचं नाव सोनेरी अक्षरांत, तिचं नाव कुठंच नाही. तो हार मी म्हशीपुढं टाकला. म्हशीनंही हुंगून सोडला.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुमचा वकील नावावरनं भांडत बसेल आणि मेलेली बाई बाजूला राहील. ज्यांच्या घरचं दूध तुमच्या टँकरमधून जातं ते सगळे तुम्हाला ओळखतात. बाकीच्यांसाठी, तुम्ही आमच्या दूध संघाचे चेअरमन; पुढचं पहिल्यापासून सांगतो.

आमच्या भागात दूध संघाचे टँकर आता विजेवर पळतात आणि मोठ्या रस्त्याला आपले आपण चालतात. पण गावात शिरले की मशीनचं डोकं बंद पडतं. रस्त्यात म्हैस बसलेली असते, वरातीचा डॉल्बी आडवा लावलेला असतो, कुणीतरी वाळूचा ढीग ओतलेला असतो. तिथं माणूसच लागतो, म्हणून ड्रायव्हर अजून आहेत. असाच एक ड्रायव्हर, हिंदुराव नावाचा, घाटाच्या तोंडाला बसल्या जागी मेला. ओरडला नाही, छातीवर हात नेला नाही. टँकर कठडा तोडून ओढ्यात गेला. खालच्या गावचे लोक सांगतात, ओढा दुपारपर्यंत पांढरा वाहत होता आणि कुत्री काठाला बसून पीत होती.

हिंदुरावला साखर होती. साखरेच्या माणसानं भ्यायचं असतं ते हेच. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वर राहिली की नसा, म्हणजे दुखणं मेंदूला कळवणाऱ्या तारा, जळत जातात. आधी तळपाय बधिर होतात; चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही. तशाच तारा हृदयालाही असतात. त्या गेल्या की हृदय आतल्या आत मरत असतं आणि माणूस चहा पीत बसलेला असतो. बोंब मारणाराच मुका झालेला असतो.

पण हृदय मुकं झालं तरी रक्त बोलतं. हृदयाचा स्नायू ताणला गेला की त्यातून एक प्रथिन रक्तात उतरतं. स्नायूच्या पेशी मरायला लागल्या की दुसरं उतरतं. आत वण धरू लागला की तिसरं. डॉक्टरांना ही गोष्ट बापजाद्यांच्या काळापासून ठाऊक आहे, पण तपासणी महाग आणि लॅब शहरात. नवं झालं ते एवढंच, की ही तिन्ही प्रथिनं आणि साखर एका थेंबात ओळखणारी कागदाची पट्टी निघाली, आणि ती वाचणारं मिक्सरएवढं मशीन निघालं. ते चौघांचं गणित करून एक आकडा देतं. आकडा हिरवा, पिवळा नाहीतर लाल. येत्या वर्षात हे हृदय दगा देणार का, हे तो आकडा छातीत कळ यायच्या कितीतरी आधी सांगतो, आणि ज्याला कळच येणार नाही त्यालाही सांगतो. चांगली वस्तू आहे. मशीनवर माझा राग नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

हिंदुरावच्या अपघातानंतर विमा कंपनीनं संघाची मान धरली आणि संघानं ड्रायव्हरांची. साखर असलेल्या प्रत्येक ड्रायव्हरचं रक्त दर आठवड्याला बघायचं ठरलं. मशीनं ठेवली गावोगावच्या डेअरीत, दुधाचं फॅट बघणाऱ्या मशीनच्या शेजारी, कारण वीज, नेट आणि फ्रीज तिथंच, आणि सगळं गाव रोज तिथं येतंच. ड्रायव्हर तर डेअरी उघडायच्या आधी गाडीवर गेलेला असतो. म्हणून त्यानं उठल्या उठल्या उपाशीपोटी घरीच बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी डबीत घालायची आणि घरची बाई दूध घालायला जाईल तेव्हा तिनं किटलीबरोबर डबी द्यायची. दोन मशीनं शेजारी बसल्यावर गावानं दोन्हींना एकच भाषा लावली. 'आज निवासला फॅट किती लागलं?' असं लोक चहाच्या गाड्यावर विचारायचे आणि हसायचे.

निवास चौगुले हे माझे दाजी. संघाच्या टँकरवर ड्रायव्हर. राजश्री माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायचो. त्यांना एक मुलगी, सानिका, ती कोल्हापुरात नर्सिंगला.

इथं आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. म्हशीच्या पहिल्या धारा पातळ असतात, शेवटच्या दाट. आमच्या बाया शेवटच्या धारा वेगळ्या भांड्यात काढतात, किटलीत वरनं अलगद सोडतात आणि ढवळत नाहीत. डेअरीच्या सेक्रेटरीचा नमुन्याचा पळा वरच्या वर बुडतो आणि फॅट चांगलं लागतं. याला आमच्यात कुणी चोरी म्हणत नाही. पाणी नाही, पावडर नाही. आपल्याच म्हशीचं दूध, फक्त वरचं. आमच्या आईनं हे आक्काला शिकवलं, तिला तिच्या आईनं. दर दुधाला मिळत नाही, नमुन्याला मिळतो, ही अक्कल या बायांच्या हाडात मुरलेली आहे.

दाजींची पहिली पट्टी त्यांच्याच बोटाची होती. आकडा पिवळा आला, लालच्या उंबऱ्यावरचा. नियम असा होता की लागोपाठ दुसरा आकडा तसाच आला तर माणूस गाडीवरून खाली आणि टाक्या धुवायच्या खात्यात. दाजी घरी येऊन जेवले नाहीत. गाडीवरून उतरलेला ड्रायव्हर म्हणजे काय हे त्यांनी पाहिलं होतं. जे लोक हात करून गाडी थांबवायचे ते मग हात करत नाहीत. 'आता ह्या वयात गमबूट घालून टाकीत उतरू व्हय मी?' असं ते भिंतीला विचारत होते.

आक्का ताट झाकत म्हणाली, "माझं रक्त जाऊ दे की. वरचं दूध घालतोय तसंच."

दाजी पहिल्यांदा हसले. मग हसायचे थांबले.

आक्काला वाटलं, आपल्याला कुठं साखर आहे. सानिकाच्या पाठीवर पोटात राहिलेलं एक मूल पडलं होतं, त्या खेपेला तिची साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले होते, आता उतरेल, पण दरसाल तपासत जा. दरसाल म्हशीचं लसीकरण झालं. दाजींच्या साखरेची गोळी कधी चुकली नाही, कारण ती आक्का हातावर ठेवायची. तिचं बोट कुणी टोचलं नाही. पहिल्यांदा टोचलं ते दाजींच्या नावासाठी.

दुसरी पट्टी गेली. आकडा हिरवागार. पुढं दर आठवड्याला हिरवा. साखरही ताब्यात, म्हणजे साखरेच्या माणसाच्या मानानं. दाजी तोऱ्यात चालायला लागले. आणि त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत तुम्ही त्यांचा सत्कार केलात. शाल तुम्ही स्वतःच्या हातानं घातलीत आणि माईकवर म्हणालात, इच्छाशक्ती असेल तर साखरेवर मात करता येते, याचं चालतं बोलतं उदाहरण म्हणजे आपले निवासराव. दाजींना भाषण करायला लावलंत. त्यांनी कारल्याचा रस सांगितला, पहाटेचं चालणं सांगितलं. ते आयुष्यात गोठ्यापलीकडं चाललेले नाहीत. पुढच्या बाजारात कारलं मिळेना. मांडवात बायांच्या बाजूला बसलेल्या आक्काला शेजारणीनं विचारलं, वहिनी, तुम्ही कारलं कसं करता ओ?

"चांगलं पिळून," आक्का म्हणाली.

हे सगळं मला तिच्या पश्चात सानिकानं सांगितलं, आणि थोडं दाजींनी, तोंड भिंतीकडं करून. मी तेव्हा त्या सभेत टाळ्या वाजवत होतो.

मग आकडा चढायला लागला. हळूहळू, गोगलगाय भिंत चढते तसा. हिरव्यातला वरचा, मग पिवळा, पण लालच्या उंबऱ्याच्या अलीकडचा. निरोप दाजींच्या फोनवर यायचा. तो आकडा आक्काच्या हृदयाचा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना जो राग आला तो किटलीत पाणी सापडल्यावर येतो तसला होता. रात्री काय खाल्लंस, हळदीकुंकवाला गेली होतीस तिथं काय तोंडात टाकलंस, उपाशीपोटी टोचलंस का चहा ढोसून, असं ते रोज विचारायचे. तिचा गूळ बंद केला, भात बंद केला. गावाला वाटलं, निवास बायकोची काळजी घेतोय. त्यांना आकडा खाली आणायचा होता. आकडा म्हणजे ती, हे काही त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं.

त्याच दिवसांत ती गोठ्यातनं घरात येताना मध्ये थांबायला लागली. वैरणीचा भारा खाली ठेवून मेढीला, गोठ्याच्या खांबाला, टेकायची. छातीत काही नाही, नुसता दम. बोटं टोचून टोचून कडक झाली होती. एका सकाळी म्हणाली, आज राहू दे, अंगात काही नाही.

दाजी सुई उघडून हातात धरून उभे होते. "एका थेंबानं मरत न्हाईस," ते म्हणाले.

त्या पट्टीचा आकडा लाल आला.

लाल आकड्याच्या ड्रायव्हरला संघाशी करार असलेल्या दवाखान्यात जावंच लागतं. खर्च संघाचा, पण कार्ड फक्त ड्रायव्हरचं. दाजी घाबरले नाहीत. त्यांचं हृदय लाल नाही हे त्यांना माहीतच होतं. सोबत माणूस हवा म्हणून मला नेलं. मला काय माहीत. मी बाहेर बाकावर बसून, माझी बहीण आता विधवा होणार, या विचारानं घामाघूम झालो होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सोलापूरकडच्या वाटल्या. त्यांनी मनगटातनं नळी घालून दाजींच्या हृदयाच्या नळ्या पाहिल्या. एक नळी अरुंद निघाली, पुढं कधीतरी त्रास देणारी. त्यांनी तिथं स्टेंट बसवला, फुकटात, कारण आकडा लाल होता. आक्काच्या रक्तानं दाजींचं हृदय दुरुस्त झालं. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं हे सांगता येत नाही.

पण बाई हुशार होत्या. त्यांना हिशेब लागेना. हा आकडा थकलेल्या, फुगत चाललेल्या हृदयाचा आहे, त्यांनी दाजींना सांगितलं, आणि तुमचं हृदय तर पंपासारखं जोरात चालतंय. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"मामा, खरं सांगा. हे रक्त तुमचंच आहे ना?"

इथं सगळं थांबू शकलं असतं. तिथंच माझ्या बहिणीचा जीव वाचत होता. दाजींनी माझ्या बायकोचं आहे, एवढं म्हटलं असतं तर त्या बाईंनी गाडी पाठवून आक्काला आणवलं असतं, अशा त्या होत्या. दाजींची गाडी गेली असती. शाल गेली असती. गावानं कारलं कारलं म्हणून चिडवलं असतं, अगदी त्यांच्या तिरडीपर्यंत. आणि आक्का जगली असती.

"माझंच," दाजी म्हणाले.

परत येताना ते खुशीत होते. वाटेत गाडी थांबवून मला मिसळ खायला घातली. घरी आक्काला सांगितलं की मशीन बिघडलंय, दवाखान्यानंच तसं सांगितलं. ती देवापुढं साखर ठेवून आली. स्वतः खाल्ली नाही, बंद होती ना.

आता गाडीवर परत चढायला स्टेंटनंतरची नवी पट्टी द्यायची होती. खरं तर दाजी आता स्वतःचं बोट टोचू शकत होते. नळी मोकळी झाली होती, गोळ्या चालू होत्या, कदाचित हिरवाच आला असता. पण जो सतत वरचं दूध घालत आलाय त्याची ढवळायची छाती होत नाही. सानिका सुट्टीला घरी आली होती. दाजींनी तिला गोठ्यामागं बोलावून समजावलं की आईचं रक्त हल्ली नीट लागत नाही, तुझं दे. पोरगी नर्सिंगला शिकते. तिनं पहिल्यांदा बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग बोट पुढं केलं. ती म्हणते, मला वाटलं आईला ॲनिमिया असेल, टोचून टोचून दमली असेल. आकड्याचे रंग तिला कुणी सांगितले नव्हते.

भाकरी थापताना आक्कानं लेकीचं बोट पाहिलं. टोचल्याची खूण तिला कुणी ओळखून द्यायला नको होती. तिनं परात बाजूला सारली आणि दाजींना हाक मारली. दाजी दारात आले.

"लाल आकडा कुणाचा हुता?"

"मशीनचा. सांगितलं न्हवं."

"मशीनला हृदय असतंय व्हय?"

सानिका सांगते, आई ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली की मला डॉक्टरला दाखवा. दाजी म्हणाले, दाखवू की. पण डॉक्टर विचारणार, कशावरनं शंका आली, काय सांगायचं? नव्या पट्टीचा दाखला येऊ दे हातात, मग आपण निवांत जाऊ. आणि तुला दुखतंय का कुठं? दुखत नाही ना? मग.

हा 'मग' मी विसरणार नाही. सगळी गोष्ट त्या एका शब्दात आहे. दुखत नव्हतं. आक्कालाही ते पटलं. आमच्यात दुखल्याशिवाय बाई दवाखान्यात जात नाही, आणि दुखलं तरी धारा काढून जाते. तिची दुखणं सांगणारी तार केव्हाच जळली होती, हे तिला कोण सांगणार? सानिकाला सांगता आलं असतं, पण सानिकाला घाईघाईनं हॉस्टेलवर परत पाठवलं गेलं.

तरी आक्का गप्प बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घातल्यावर ती डेअरीत थांबून राहिली. गर्दी ओसरली तशी सेक्रेटरीला म्हणाली, माझ्या नावानं एक पट्टी लावा. सेक्रेटरी श्रीपती, दाजींच्याच भावकीतला, चांगला माणूस. त्याला गंमत वाटली.

"वैनी, टँकर चालवायला लागलासा काय?"

मागं राहिलेले दोघंतिघं हसले. श्रीपतीनं तिला मशीनचा पडदा फिरवून दाखवला. नाव टाकायच्या जागी फक्त संघाच्या चालकांची नावं येतात, दुसरं नाव ते घेतच नाही. संघाच्या साहेबांनी तसंच बसवलंय म्हणाला, मी काय करणार. तिच्या बोटावर थेंब आला होता, तो तिनं पदराला पुसला आणि किटली उचलून घरी आली. ज्या मशीनमध्ये तिचं रक्त दर आठवड्याला जात होतं त्यात तिचं नाव जाऊ शकत नव्हतं.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. संध्याकाळची धार काढत होती. म्हैस अर्धी पान्हवलेली. शेजारीण वैरण मागायला आली तर आक्का म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसलेली, घामानं चिंब. शेजारणीला म्हणाली, पित्त झालंय वाटतं, जरा बसते. बसूनच गेली. चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. बायांना तेवढंच कौतुक, की किती शांत गेली.

तालुक्याच्या दवाखान्यात तिचं रक्त घेतलं ते गेल्यानंतर. सानिका कोल्हापुरातून धावत आली, तिनं तो कागद वाचला, वर्षानुवर्षांची साखर आणि हृदयाचा झटका, आणि ती बापासमोर जाऊन उभी राहिली. मग सगळं बाहेर आलं. दाजी भिंतीकडं तोंड करून बोलत होते आणि ती ऐकत होती. मी दाजींना मारलं. तीनचार लोकांनी मला धरलं म्हणून थांबलो. दाजींनी हात वर केला नाही.

पण दाजींवर थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

मी तुमच्याकडं आलो ते विचारायला. मला वाटलं होतं, तुम्ही फसलात. ड्रायव्हरनं तुम्हाला फसवलं, तुम्हाला पुरुषाचं रक्त वाटलं, तुम्ही तरी काय करणार. मला एवढंच म्हणायचं होतं की घरातल्या बाईच्या नावानंही एक पट्टी घ्यायला लागा. तुम्ही म्हणालात, रीतसर चौकशी करू. चौकशी लावलीत ती दाजींची. मी आणि सानिका साक्षीला आलो. तुम्ही टेबलाच्या टोकाला बसला होता. तुमचे वैद्यकीय अधिकारी, मऊ बोलणारे, लॅपटॉप घेऊन उभे राहिले. सानिका सांगायला लागली तसं ते म्हणाले, बाळ, तुझ्या साक्षीची गरज नाही. यंत्रात सगळं आहे. चालकानं दुसऱ्या पट्टीपासून संघाची फसवणूक केलेली आहे.

आणि त्यांनी भिंतीवर पडदा लावला.

त्यांनी किती सोपं करून सांगितलं. बाईचं हृदय आणि पुरुषाचं हृदय यांची रक्तातली मर्यादा वेगळी असते. पेशी मरताना जे प्रथिन उतरतं ते बाईत थोडंसं वाढलं तरी धोका असतो. तेवढंच पुरुषात चालून जातं. म्हणून हे यंत्र थेंब मिळाल्याबरोबर आधी पांढऱ्या पेशी उघडून बघतं की त्यात पुरुषाचा धागा, म्हणजे वाय गुणसूत्र, आहे की नाही. गावातल्या सेक्रेटरीवर विसंबून राहायला नको म्हणून कंपनीनं तशी सोय केलेली आहे. पहिली पट्टी: पुरुष. दुसरी: स्त्री. तिसरी: स्त्री. खाली सगळीकडं स्त्री.

फॅटच्या मशीनला गाईचं दूध आणि म्हशीचं दूध कळतं, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रक्ताच्या मशीनला बाई आणि बाप्या कळत असेल हे माझ्या बहिणीच्या डोक्यात आलं नाही. चुकली ती. पण तुमच्या डोळ्यांसमोर पडदा होता.

मग सानिकानं विचारलं. मला एवढं सुचलं नसतं. स्त्री आहे हे यंत्राला कळलं होतं, तर आकड्याचा रंग कुठल्या मर्यादेनं काढला? अधिकारी म्हणाले, रंग नावावरून काढतो, नाव पुरुषाचं होतं. ती म्हणाली, बाईच्या मर्यादेनं काढून दाखवा. ते तुमच्याकडं बघायला लागले. तिनं स्वतःच पुढं होऊन कळ दाबली. पडद्यावरचे रंग बदलले. सत्काराच्या वेळचा हिरवा पिवळा झाला. त्यानंतरचा पहिला पिवळा लाल झाला, आणि तिथून खाली, सानिकाच्या बोटाची पट्टी सोडली तर, लालच लाल. ज्या दिवशी तुमचा दवाखाना दाजींच्या नळीत तार घालत होता त्याच्या कितीतरी आधीपासून एका बाईचं हृदय बंद पडत चाललंय हे त्या मशीननं लिहून ठेवलं होतं, आणि ती बाई कोण हेही कुणाला शोधायला नको होतं. डबी ती स्वतः आणून देत होती.

मी विचारलं, तुम्हाला बाईचं रक्त आहे हे दुसऱ्या पट्टीला कळलं, मग बोलला का नाही? अधिकारी म्हणाले, विम्यासाठी हिरवे आकडे जाणं त्या काळात आवश्यक होतं. मग त्यांनी जीभ चावली. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा तोंड उघडलंत.

"तो विषय आजच्या बैठकीचा नाही," तुम्ही म्हणालात.

दाजींना काढून टाकलंत. काढा. त्यांची बाजू घ्यायला मी आलेलो नाही. त्यांचं हृदय आता उत्तम आहे, डॉक्टरीणबाईंनी नळी फार सुरेख मोकळी केली आहे, ते अजून वीस वर्षं त्या गोठ्यासमोर बसतील. सानिका त्यांच्याशी बोलत नाही. ती जेवण रांधून त्यांचं ताट उंबऱ्यात ठेवते आणि आत जाते.

भरपाईचा अर्ज मी फाडून टाकला आहे. माझ्या बहिणीचं मला तुमच्याकडून काही नको. मला दुसरं विचारायचं आहे.

अधिकाऱ्यांनी लॅपटॉप गडबडीनं मिटला, पण मिटायच्या आधी पडदा वर सरकला. दाजींच्या वर आणि खाली बाकीच्या ड्रायव्हरांची नावं होती. सानिकानं पाहिलं, मी पाहिलं, तुम्ही तर रोजच पाहता. नाव पुरुषाचं आणि पुढं स्त्री. नाव पुरुषाचं आणि पुढं स्त्री. निम्म्याहून जास्त. म्हणजे गावोगावच्या घरांत बायका आज सकाळी बोट टोचून, डबी देऊन, किटली घेऊन परत गेल्या आहेत. त्यांना वाटतंय, आपण धन्याची नोकरी राखतोय. त्या आता चुलीपुढं असतील, गोठ्यात असतील, मध्येच मेढीला टेकून दम घेत असतील. त्यांना दुखत नसेल. त्यांचा खरा रंग तुमच्याकडं आहे, एक कळ दाबायचा अवकाश.

मी डेअऱ्या फिरतोय, दार दार वाजवतोय, बाया मला हाकलतात, नवऱ्याची नोकरी घालवायला आलास काय म्हणून. मला नावं माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत. चौकशी नको, बैठक नको, पुढची तारीख नको.

त्यातल्या कुणाकुणाचा आकडा आज लाल आहे, सांगा.